वास आणि सुगंध

दिवाळीच्या आदल्या चार दिवसांत आमच्या आळीतून डोळे मिटून चालत गेले, तरी कोणाच्या घरी काय चालले आहे हे बिनचूक सांगता येते. एका घरी बेसन भाजत आलेले असते. दुसऱ्या घरी गृहिणी बोलण्याच्या नादात असते आणि बेसन खालून लागलेले असते. तिसऱ्या घरी चकलीच्या भाजणीत ओवा अंमळ जास्त पडलेला असतो. चौथ्या घराने भिंतींना चुना दिलेला असतो. पाचव्या घराशी आले की यातले काहीच नसते. नुसता सारवलेल्या अंगणाचा वास असतो, आणि त्या घरी यंदा सण नाही हे कोणी न सांगता कळते. नाक एवढे सगळे सांगते, आणि एकही विशेषण न वापरता सांगते.

मी शाळेत मराठी शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत विशेषणांचा खप मोठा. मुलांना आम्ही सांगतो, 'वर्णन करा, लेखन जिवंत करा', आणि मुले बिचारी 'निसर्गरम्य', 'विलोभनीय', 'अविस्मरणीय' असे शब्द पाठ करून आणतात. सांगायला लाज वाटते, पण आज सांगतो. एका वर्षी मी नववीच्या वर्गाला 'माझी आजी' हा निबंध घातला होता. चाळीस वह्या आल्या. त्यांतल्या बहुतेक आज्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. सगळ्यांचे केस चांदीसारखे, सगळ्यांच्या डोळ्यांत मायेचा झरा, सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे. एका मुलाने मात्र लिहिले होते की, आजीच्या पदराला मिश्रीचा आणि ओव्याचा वास येई. ती गेल्यावर आईने ते लुगडे गोधडीत घातले, पण दोन धुण्यांत तो वास गेला.

मी काय केले असेल? लाल शाईने 'वास' हा शब्द खोडला आणि वर 'सुगंध' असे लिहिले. समासात शेरा मारला : 'मिश्रीचा उल्लेख टाळावा.' दुसऱ्या दिवशी तो पोरगा वही घेऊन टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आजीच्या पदराला सुगंध नव्हता. वासच होता."

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "जा, जागेवर बस. निबंधात तसं लिहीत नाहीत."

तो बसला. पण 'तसं लिहीत नाहीत' हे मला कोणी सांगितले होते? कोणत्या ग्रंथात तो नियम लिहिला आहे? हा प्रश्न मात्र माझ्या मानगुटीवर बसला तो उतरेना. मी काही पंडित नव्हे आणि संशोधक तर नव्हेच. पण गावच्या ग्रंथालयातली जुनी कपाटे मला उघडी होती, आणि दोन-तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्यांत घालवल्या. तिथे जे सापडले ते वाचकांपुढे फराळाच्या ताटासारखे मांडतो. ज्याला जे रुचेल त्याने ते घ्यावे.

* * *

आरंभ आपल्या धंद्याच्या नावापासूनच करू. मराठीत आणि कानडीत 'नॉव्हेल'ला कादंबरी म्हणतात. हे मुळात एका संस्कृत ग्रंथाचे, खरे म्हणजे त्या ग्रंथातल्या नायिकेचे नाव. इसवी सन ६०६ ते ६४७ या काळात राज्य करणाऱ्या हर्षवर्धनाच्या पदरी बाणभट्ट होता. 'हर्षचरित' त्याचेच, आणि 'कादंबरी'ही त्याचीच. बाणाचे वाक्य म्हणजे एखाद्या संस्थानिकाची मिरवणूक. क्रियापद एक आणि विशेषणे पाचपन्नास. समासावर समास चढतात, उपमेमागून उपमा येते, आणि राजा, अरण्य किंवा सरोवर वाचकाच्या दृष्टीला पडेपर्यंत त्याचा दम निघतो. पण ज्याने दम धरला त्याला दिसते ते खरोखर अपूर्व असते, हेही कबूल केले पाहिजे.

'कादंबरी' पुरी होण्याआधीच बाणाला मरण आले आणि उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. त्याबद्दल संस्कृत पाठशाळांतून एक दंतकथा सांगत आले आहेत. अंथरुणाला खिळलेल्या बाणाला काळजी पडली, की ग्रंथ कोणत्या मुलाच्या हाती द्यावा. त्याने दोघांना बोलावले आणि समोरच्या वाळलेल्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "याचे वर्णन करा." एकाने अर्थ जसा होता तसा सांगितला, त्याची अक्षरे एकमेकांवर घासत होती, जोडाक्षरांनी खडखडत होती. दुसऱ्याने तेच सांगितले, पण र, ल, स असल्या मऊ अक्षरांनी, जणू झाडाला पालवीच फुटली. बापाने पोथी दुसऱ्याच्या स्वाधीन केली.

ही गोष्ट मला लहानपणी सांगितली तेव्हा दुसरा मुलगा शहाणा वाटला होता. आज वाटते, पहिल्यावर अन्याय झाला. झाड वाळलेले होते हो! वाळलेल्या झाडाच्या वर्णनात अक्षरे खडखडली तर त्यात चूक कोणती? फांदीवर हात फिरवला तर हाताला जे लागले असते तेच त्या पोराने कानाला लावले. ग्रंथ 'कादंबरी'सारखा रसाळ असल्यामुळे तो पुरा करायला दुसराच मुलगा योग्य, हे खरे. पण झाडाचे काय?

गंमत अशी, की आमच्या जुन्या शास्त्रकारांमध्येही या प्रश्नावर तंटा होताच. भामहाने म्हटले, सूर्य मावळला, चंद्र उगवला, पाखरे घरट्याकडे चालली, असे नुसते सांगितले तर ते काव्य कसले? ती बातमी झाली. दंडीला हे पटले नाही. वस्तू जशी आहे तशी डोळ्यांपुढे उभी करणे, म्हणजे स्वभावोक्ती, हा त्याने पहिला अलंकार मानला. पुढे कुंतकाने आणखी निराळाच मुद्दा काढला. तो म्हणतो, वस्तूचा स्वभाव हे तर काव्याचे शरीर. शरीरालाच दागिना म्हटले तर तो दागिना घालायचा कोणाच्या अंगावर? आणि अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' नावाचा एक छोटा ग्रंथ लिहून सगळ्यांवर कडी केली. गळ्यात कमरपट्टा, कमरेला हार आणि हातात नूपुर घालून कोणी बाहेर पडले तर लोक हसणार नाहीत काय, असे तो विचारतो. दागिना खोटा नाही, पण जागा चुकली. औचित्याचे प्रकार मोजताना त्याने विशेषणाचे औचित्य वेगळे सांगितले आहे. हे वाचले तेव्हा मला माझा 'सुगंध' आठवला. नऊवारी लुगड्याच्या जुनेर पदरावर मी तो जरीचा तुकडा शिवला होता.

* * *

आता घरी, मराठीत येऊ. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सर्वांनी पेढे वाटले. पण तिचे जुने गद्य किती साधे आहे हे पाहायला फारसे कोणी जात नाही. चक्रधरस्वामी महाराष्ट्र सोडून गेल्यावर त्यांच्या शिष्यांना आठवणींशिवाय काही उरले नाही. तेव्हा म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, एकेकाला विचारून त्या आठवणी गोळा केल्या आणि १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. त्यातली वाक्ये चार-चार, पाच-पाच शब्दांची. स्वामी कोठे बसले, कोण आले, काय खाल्ले, कोण कोणाला काय म्हणाले, बस्स. विशेषणे शोधावी लागतात. पण माणसे मात्र समोर येऊन बसतात. याचे कारण उघड आहे. ज्यांना तो माणूस परत पाहायचा होता, त्यांनी ते लिहवले. त्यांना सजवायचे नव्हते, हरवलेले जपायचे होते. आणि वाचणार कोण? नागदेवाचार्यांपुढे कोणी संस्कृतात लिहिण्याची गोष्ट काढली, तेव्हा त्यांनी अडवले, की अशाने माझ्या म्हाताऱ्या बाया या धर्माला मुकतील. म्हणजे मराठी गद्याच्या जन्माच्या वेळीच आज्यांचा विचार झाला होता!

यानंतर थोड्याच वर्षांत, १२९० साली, नेवाशाला 'ज्ञानेश्वरी' सांगितली गेली. ज्याला इंद्रियांच्या भाषेचे वर्म पाहायचे असेल त्याने तिच्या सहाव्या अध्यायाचा आरंभ काढावा. तिथे ज्ञानेश्वरमहाराज आपल्या मराठी बोलाविषयी जे सांगतात ते ऐकून मन थक्क होते. शब्द हा वास्तविक कानाचा विषय. पण जीभ म्हणते, ही चव माझी आहे. नाकाला वाटते, हा तर परिमळ. डोळ्यांना रूपाची खाण उघडल्यासारखी होते, मन बाहेर धावत सुटते आणि हातांना तो बोल कवटाळावासा वाटतो. एका शब्दावरून पाचही इंद्रियांत भांडण लागते! 'लेखनात पंचेंद्रियांचा उपयोग करावा' हे आपण कोण्या नव्या पाश्चात्त्य पुस्तकातून शिकलो असे समजतो. आमच्या एकवीस वर्षांच्याही न झालेल्या मुलाने ते सातशे वर्षांपूर्वी मांडून ठेवले आहे. आणि ध्यानात घ्या, महाराजांचे हे सगळे बोलणे अलंकाराने ओथंबलेले आहे. तेव्हा अलंकार वाईट असे मी म्हणणार नाही. दिवाळीला अंगणात रांगोळी हवीच. फक्त तिच्याखाली सारवलेली जमीन हवी.

बखरींचे वळण आणखी निराळे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला, राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून, शिवछत्रपतींची बखर लिहिली. १६७४ चा राज्याभिषेक सांगताना तो 'भव्य' आणि 'दिव्य' यांच्या नादी लागत नाही. सिंहासन सोन्याचे, बत्तीस मणांचे, असे वजन सांगून मोकळा होतो. कारकुनी पेशाचा माणूस! पण वाचकाच्या खांद्यावर ते बत्तीस मण येऊन पडतात. आकडा हेही विशेषणच आहे, आणि पुष्कळदा फार बोलके.

* * *

मग हा 'सुगंध' आला कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे तो एकोणिसाव्या शतकात आला, आणि आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता.

इंग्रजी राज्य आले, शाळा निघाल्या, छापखाने निघाले. १८३१ मध्ये मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत. हे शब्द जमवायला मराठी शास्त्रीमंडळी राबली होती, आणि त्यांनी बाजारातले, शेतातले, चुलीपुढचे शब्दही टाकले नाहीत. हा कोश मी कादंबरीसारखा वाचला आहे. त्यात आवाजावरून झालेली क्रियाविशेषणे पाहावीत : एकेका ध्वनीला कर, कन, दिनी, दिशी अशी शेपटे लावून ठेवली आहेत. धपकर, धपकन, धपदिनी, धपदिशी! पडणारा एकच, पण पडण्याच्या चार तऱ्हा.

आपल्या भाषेची ही श्रीमंती आपल्या ध्यानात राहत नाही, म्हणून दोन शब्द अधिक सांगतो. डोळ्यांत पाणी येते ते टचकन. हसू येते ते खुदकन. उलट करून पाहा, टचकन हसता येत नाही. पाणी घटाघटा प्यावे आणि लाडू मटामटा खावा. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. पान हिरवेगार, हळद पिवळीधमक, मिरची लालभडक, पण रागावलेला चेहरा लालबुंद. चहा गोडमिट्ट, कैरी आंबटढाण, कारले कडूजहर. गोरापान म्हणजे रूपवान, आणि गोरामोरा म्हणजे खजील. दोन अक्षरांच्या अंतरावर केवढी ही उलथापालथ! वासांचे तर दालनच निराळे. भाजणी खमंग, जुना नारळ खवट, पावसाळ्यातले कपडे कुबट, उतू गेलेले दूध करपट, रात्रीचे वरण आंबूस. ही सगळी विशेषणे कोणा कवीने केलेली नाहीत. ज्यांना त्या वासावरून काही ठरवायचे होते, वरण वाढावे की टाकावे, नारळ परत करावा की किसावा, अशा माणसांनी, आणि बहुतकरून बायकांनी, ती घडवली. म्हणून ती नेमकी आहेत.

असे भांडार घरात असताना नवे शिकलेले लेखक वळले कोठे? बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. ते विधवांची दुःखे सांगणारे, बऱ्याच अंशी साधे पुस्तक. पण १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' आली आणि बाणाच्या धाकट्या घराण्याचे राज्य सुरू झाले. नायिका लावण्यवती, उद्याने पुष्पभारांनी लवलेली, वारे मंद आणि सुगंधी. त्या काळच्या शिकलेल्यांवर एक ओझे होते. मराठी ही गावंढळ बोली नाही, तिच्यातही भारदस्त ग्रंथ होतात, हे त्यांना साहेबाला आणि स्वतःलाही पटवून द्यायचे होते. परक्याकडे जेवायला जाताना माणूस ठेवणीतले कपडे घालतो, तसे झाले. पण ठेवणीतले कपडे रोज घालू लागले की आपल्याच घरात पाहुण्यासारखे वागावे लागते.

यातून कादंबरीला घरी आणले ते हरिभाऊ आपट्यांनी. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. यमू नावाची मुलगी आपली हकीकत आपणच सांगते, घरात बोलावे तशी. वाचणारांना उद्यान दिसले नाही, माजघर दिसले. आणि लोक रडले ते माजघर पाहून.

* * *

पण माझ्या लाल शाईच्या पापाचे खरे प्रतिबिंब मला सापडले ते दुसऱ्याच एका पुस्तकात. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरात कर्ज. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा चांगली मिळणार असे ऐकून ते १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेस निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. तोफा, आग, तहान, लपून काढलेले दिवस, प्रेतांनी भरलेले रस्ते, हे सारे त्यांनी भोगले. लूटसुद्धा कशी पाळीपाळीने झाली, आधी सोने-रुपे, मग तांबे-पितळ, मग कापडचोपड आणि धान्य, हे त्यांनी हिशेबनिसाच्या शांतपणे सांगितले आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी धुळीने भरलेली, पुरुषी वेषातली राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटली. तिला तहान लागली होती. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढवून घ्यायचे तिला पटेना. तिने स्वतः पाणी ओढले आणि ओंजळीने प्याली. एवढेच. तेजस्विनी नाही, रणरागिणी नाही. एक तहानलेली बाई आणि एक विहीर. राणीवर पुढे पोवाडे, नाटके, कादंबऱ्या पुष्कळ झाल्या; पण मला ती दिसली ती त्या विहिरीपाशीच.

ही हकीकत भटजींनी १८८३ साली लिहून काढली, ती चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्य मोठे विद्वान. त्यांनी आग्रह धरला नसता तर आज आपल्याला एक ओळही मिळाली नसती. सरकारच्या धास्तीने ते बाड बरीच वर्षे तसेच राहिले आणि १९०७ साली वैद्यांनी 'माझा प्रवास' छापला. पण छापताना त्यांनी भटजींची भाषा सारखी केली, काही ठिकाणी मजकुरातही हात घातला. एका भिक्षुकाचे बोलणे सभ्य वाचकांपुढे ठेवायचे, तर ते जरा झाडूनपुसून ठेवावे, असे त्यांना वाटले असावे. मूळ मोडी हस्तलिखित त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवले, हे त्यांचे दुसरे उपकार. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली भटजींचा मूळ पाठ जसाच्या तसा प्रसिद्ध केला. तोवर अर्धशतकाहून अधिक काळ महाराष्ट्र वैद्यांनी इस्त्री केलेला गोडसे भटजी वाचत होता.

दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून वाचताना माझे कान तापले. एवढ्या मोठ्या माणसाने जे केले तेच मी एका नववीतल्या पोराच्या वहीत केले होते. फरक इतकाच, की वैद्यांनी मूळ कागद जपून ठेवला होता. पोराची वही रद्दीत गेली.

इस्त्री न झालेली पुस्तकेही आपल्याकडे आहेत, हे भाग्य. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना लिहावाचायला शिकवले ते लग्नानंतर नवऱ्याने. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने निघू लागली. बाजारातून आलेला जिन्नस पाण्यातून काढल्याशिवाय घरात न घेणारे त्यांचे सोवळे वडील असोत की मनस्वी कवी पती असोत, लक्ष्मीबाई त्यांना विशेषण चिकटवत नाहीत. त्यांनी काय केले ते सांगतात आणि स्वतःही हसतात. आणि १९५५ साली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली. माणदेशच्या उघड्या माळावरच्या धनगरवस्तीत एक तरणा मास्तर येतो, आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी ओस होते. लहान वाक्ये, मोजके रंग, धुळीचा आणि मेंढरांचा वास. त्या पुस्तकापुढे मला बाणभट्टाचा तो पहिला मुलगा आठवला. वाळलेल्या झाडाला वाळलेले शब्द देणारा, पोथी न मिळालेला! तेराशे वर्षांनी का होईना, त्याला त्याचा वाटा मिळाला म्हणायचा.

* * *

आता मी वर्गात विशेषणांविषयी काय सांगतो, असे कोणी विचारील. मी एवढेच सांगतो : विशेषण वापरण्यापूर्वी ते उलटे करून पाहा. 'रम्य सकाळ' लिहिलीत, तर तुम्हाला कधी अरम्य सकाळ लिहावीशी वाटली होती काय? नसेल, तर 'रम्य'ने काही काम केले नाही. तो फुकट जेवून गेला. 'कुबट खोली' लिहिलीत तर ती दुसऱ्या खोलीहून वेगळी झाली. त्या शब्दाला पान वाढा. दुसरे, डोळ्यांवरच सगळा भार टाकू नका. नाक, कान, जीभ, त्वचा यांनाही घरचे समजा. आणि तिसरे, जे स्वतः हुंगले, चाखले, चाचपले नाही त्याला विशेषण देऊ नका. ते दुसऱ्याकडून उसने आणावे लागते, आणि उसने विशेषण ताबडतोब ओळखू येते. सांगतो खरा; पण स्वतःच्या हस्तलिखितावरून हा नियम फिरवतो तेव्हा पानाला दहावीस शब्द गळतात, आणि दर वेळी दुःख होते. आपलेच असतात ना!

गेल्या वर्षी त्या मुलाची एस.टी. स्टँडवर गाठ पडली. आता तो पोरगा राहिलेला नाही. संसारी गृहस्थ झाला आहे. पाया पडला. मी म्हटले, "अरे, तुझ्या एका निबंधाबद्दल तुला काही सांगायचं आहे." आणि सगळी हकीकत सांगितली. माझी चूक झाली होती, तुझंच बरोबर होतं, असेही सांगितले. तो गोंधळला.

"कोणता निबंध, गुरुजी? मला तर काहीच आठवत नाही."

इतकी वर्षे जे ओझे मी वाहत होतो ते त्याच्या गावीही नव्हते. मला हलके वाटायला हवे होते, पण वाटले नाही. मी विचारले, "आजीच्या लुगड्याची गोधडी होती ना रे तुमच्याकडे?"

"आहे की अजून," तो म्हणाला. "धाकटी तीच घेऊन झोपते. दुसरी चालत नाही तिला."

एवढ्यात त्याची गाडी लागली आणि तो धावत गेला.

वाचकहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून घेताना, पहिला फटाका उडाल्यावर जो धूर अंगणात रेंगाळतो तो नाकाशी आल्यावर, किंवा डब्याच्या तळाशी उरलेला शेवेचा चुरा तोंडात टाकताना, घरातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा. त्यांच्या हाताला, पदराला, उपरण्याला कसला वास येतो ते ध्यानात ठेवा आणि जमले तर कागदावर उतरवून ठेवा. सुंदर लिहू नका, नेमके लिहा. धुण्यात वास जातो. शाईत राहतो, असा माझा अनुभव आहे. मात्र कोणी मास्तर लाल शाई घेऊन जवळपास नाही ना, एवढे पाहून घ्या.